गोड्या पाण्याच्या संशोधनातील उन्हाळी इंटर्नशिप : कॅनडातील मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या संदर्भात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातील काही संशोधन केंद्रे आणि विद्यापीठे दर उन्हाळ्यात मूलनिवासी समाजांतील पदवीच्या विद्यार्थ्यांना सरोवरे व नद्यांवरील संशोधनात सामावून घेतात. अशा कार्यक्रमांबद्दल मराठी वाचकांना, म्हणजे कॅनडात स्थायिक झालेल्या पालकांना, तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि इकडे आदिवासी भागांत शिकवणाऱ्या प्राध्यापकांना, जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वायव्य ओंटारियोतील ‘एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया’ हे ठिकाण मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे, कारण गोड्या पाण्याचे विज्ञान आणि त्या पाण्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक यांचा संबंध तिथे जितका ठळक दिसतो तितका तो फार थोड्या ठिकाणी दिसतो.

ही इंटर्नशिप म्हणजे नेमके काय?

ही ठरावीक मुदतीची पगारी नोकरी असते. विद्यार्थी संशोधकांच्या तुकडीत कनिष्ठ सहकारी म्हणून काम करतो, पाण्याचे, गाळाचे, प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) आणि माशांचे नमुने गोळा करतो, त्यांचे प्राथमिक विश्लेषण करतो, आणि बहुतेक कार्यक्रमांत मुदतीच्या अखेरीस स्वतःच्या एका छोट्या प्रकल्पाचा अहवाल मांडतो. तिला कोणी सहल किंवा शिबिर समजू नये. सकाळी नाव पाण्यात उतरली की पाऊस असो वा ऊन, ठरलेली मोजमापे घ्यावीच लागतात, कारण एका आठवड्याची नोंद चुकली तर ती पुढे कधीही भरून काढता येत नाही.

एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया कुठे आहे आणि त्याचे एवढे महत्त्व का?

विनिपेगच्या पूर्वेला, केनोरा आणि ड्रायडेन या गावांच्या दरम्यान, ग्रॅनाइटच्या खडकात आणि सूचिपर्णी जंगलात विखुरलेली छोटी सरोवरे १९६८ मध्ये संशोधनासाठी राखून ठेवण्यात आली. सुरुवातीला अशी ५८ सरोवरे आणि त्यांची पाणलोट क्षेत्रे निवडली गेली. त्यांतल्या बहुतेकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, आणि तिथले लोक ‘आज २२७ वर जायचे आहे’ अशाच भाषेत बोलतात.

या उपक्रमामागचे तातडीचे कारण म्हणजे कॅनडा-अमेरिका सीमेवरील ईरी सरोवर. १९६० च्या दशकात तिथे शेवाळ इतके माजले होते की ते सरोवर मेल्याची भाषा सुरू झाली होती, आणि दोष कार्बनचा, नायट्रोजनचा की फॉस्फरसचा यावर शास्त्रज्ञ आणि साबण-उद्योग यांच्यात जोरदार वाद चालू होता. बाटलीतले प्रयोग हा वाद मिटवू शकत नव्हते, कारण बाटलीला तळाचा गाळ नसतो, वारा नसतो आणि मासेही नसतात. डेव्हिड शिंडलर यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९७३ मध्ये क्रमांक २२६ च्या सरोवराच्या अरुंद कमरेत प्लास्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरस पडलेला भाग हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचा भाग काळसर, स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटवर बंधने आणण्याच्या बाजूने कोणत्याही आलेखापेक्षा अधिक उपयोगी पडले.

त्यानंतरचे प्रयोगही याच धाटणीचे आहेत. क्रमांक २२३ मध्ये १९७६ पासून पाणी हळूहळू आम्ल करत नेले, तेव्हा असे दिसले की आम्लाने लेक ट्राउट थेट मरण्याच्या कितीतरी आधी त्यांचे भक्ष्य असलेले लहान जीव नाहीसे होतात आणि मोठा मासा उपासमारीने खंगतो. क्रमांक २६० मध्ये २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन अत्यल्प प्रमाणात सोडले गेले, तेवढ्याने फॅटहेड मिनो या छोट्या माशाची तिथली संख्या जवळपास संपली. इस्ट्रोजेन थांबवल्यावर काही वर्षांनी ती सावरली. क्रमांक २२७ मध्ये तर १९६९ पासून पोषकद्रव्ये घालण्याचा प्रयोग दशकानुदशके चालत आला आहे.

२०१२ मध्ये तत्कालीन केंद्र सरकारने या केंद्राचा निधी बंद करण्याचे जाहीर केले. मोठा विरोध झाला आणि २०१४ मध्ये त्याची जबाबदारी विनिपेग येथील ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ या संस्थेकडे गेली. आज केंद्राचे संक्षिप्त नाव त्यामुळेच ‘आयआयएसडी-ईएलए’ असे लिहिले जाते.

मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या जागा ठेवण्याचे कारण काय?

या प्रश्नाचे उत्तर अनेकदा ‘प्रतिनिधित्व वाढवण्यासाठी’ अशा सरकारी वाक्यात दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

ही सरोवरे तिसऱ्या क्रमांकाच्या कराराच्या (‘ट्रीटी ३’) प्रदेशात आहेत. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये अनिशिनाबे समाजांचे प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्तेचे प्रतिनिधी यांच्यात तो करार झाला, आणि आज त्या प्रदेशात २८ फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूलनिवासी समाज, आहेत. याचा अर्थ असा की ज्या पाण्यावर जगभर गाजलेले शोधनिबंध लिहिले गेले ते कोणाच्याही मालकीचे नसलेले रान नव्हते. त्या पाण्यातून मासे धरणारी, त्याच्या काठच्या उथळ भागात मनोमिन नावाचा रानतांदूळ झोडून गोळा करणारी माणसे तिथे होती, आणि केंद्राच्या पहिल्या काही दशकांत संशोधनाचे प्रश्न ठरवण्यात त्यांचा सहभाग नगण्य होता.

दुसरे कारण अधिक कटू आहे. याच प्रदेशातील ड्रायडेन येथील कागद कारखान्याच्या रासायनिक विभागातून १९६२ ते १९७० या काळात वॅबिगून नदीत सुमारे नऊ टन पारा सोडला गेला. प्रवाहाच्या खालच्या बाजूला ग्रासी नॅरोज आणि वाबासीमूंग ही दोन फर्स्ट नेशन्स आहेत. वॉलआय मासा हे त्यांचे रोजचे अन्न होते आणि व्यावसायिक मासेमारी हा रोजगार. १९७० मध्ये ती मासेमारी बंद झाली आणि माशांमधून शरीरात गेलेल्या पाऱ्याचे परिणाम पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले. जपानमधील मिनामाटा येथे पाऱ्याच्या विषबाधेचा आजार अभ्यासणारे डॉक्टर तपासणीसाठी तिथवर आले होते.

तिसरे उदाहरण पिण्याच्या पाण्याचे. विनिपेग शहर १९१९ पासून शोल सरोवराचे पाणी कालव्याने आणते. त्याच सरोवराकाठच्या ‘शोल लेक ४०’ या फर्स्ट नेशनला १९९७ पासून २०२१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, नळाचे पाणी उकळून किंवा बाटलीतले विकत घेऊन प्यावे लागले. धरणाच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत टँकर येतो हे दृश्य ज्यांनी महाराष्ट्रात पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा समाजातील तरुण जेव्हा पाण्याची तपासणी स्वतः करायला शिकतो, तेव्हा बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने दिलेला आकडा केवळ ऐकून घेण्याची सक्ती संपते. राखीव जागांचे समर्थन मला तरी याच कारणासाठी पटते. बाकीची कारणे त्याच्या मागून येतात.

अर्ज कोण करू शकतो?

कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटना कायद्यातील कलम ३५ तीन मूलनिवासी समाजगटांचा उल्लेख करते : फर्स्ट नेशन्स (कायद्यातील जुना शब्द ‘इंडियन’), उत्तर ध्रुवीय भागातील इनुइट आणि मूलनिवासी व युरोपीय अशा मिश्र वारशाचे मेटिस. या तिन्हींपैकी एखाद्या समाजातील आणि मान्यताप्राप्त विद्यापीठात किंवा महाविद्यालयात नाव नोंदवलेले विद्यार्थी पात्र समजले जातात. काही कार्यक्रम विशिष्ट कराराच्या प्रदेशातील विद्यार्थ्यांना प्राधान्य देतात आणि ते रास्तही आहे, कारण परतून ज्याच्या गावात निष्कर्ष सांगायचे आहेत तो विद्यार्थी शक्यतो त्याच भागातला असावा. वयाची अट सहसा नसते. मुले सांभाळून पस्तिशीत पदवीकडे परतलेल्या विद्यार्थिनी या कार्यक्रमांना नव्या नाहीत.

ओळखीचा पुरावा द्यावा लागतो का?

पूर्वी अर्जावरील चौकटीत खूण करणे पुरेसे असे. खोट्या ओळखीची काही प्रकरणे गाजल्यानंतर विद्यापीठांनी नियम कडक केले; सस्कॅचेवान विद्यापीठाने २०२२ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. आता नोंदणीपत्र, मेटिस नागरिकत्वाचा दाखला, इनुइट लाभार्थी यादीतील नोंद किंवा समाजाच्या अधिकृत मंडळाचे पत्र मागितले जाऊ शकते. ज्यांच्या कुटुंबाचा समाजाशी संबंध निवासी शाळांमुळे (जिथे मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवले जाई) किंवा दत्तकप्रक्रियेमुळे तुटला, अशा विद्यार्थ्यांकडे कागद नसतो. त्यांनी अर्ज करण्यापूर्वीच विद्यापीठाच्या मूलनिवासी विद्यार्थी केंद्राशी बोलावे, कारण या अडचणीची जाण त्या कार्यालयाला इतर कोणत्याही कार्यालयापेक्षा अधिक असते.

कॅनडात राहणारे मराठी विद्यार्थी किंवा महाराष्ट्रातील आदिवासी विद्यार्थी या जागांसाठी अर्ज करू शकतात का?

नाही. कॅनडात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी या जागांसाठी पात्र नाही. महाराष्ट्रातील वारली, गोंड, कातकरी, भिल्ल किंवा महादेव कोळी विद्यार्थ्याकडे आपल्या राज्याचा जमातीचा वैध दाखला असला तरी तो येथे लागू होत नाही, कारण या जागा कॅनडाच्या भूमीवरील समाजांशी असलेल्या घटनात्मक नात्यावर आधारलेल्या आहेत. मात्र बहुतेक संशोधन केंद्रे उन्हाळ्यात सर्वांसाठी खुल्या जागाही काढतात. कॅनडातील विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने आपल्या व्हिसावरील कामाच्या अटी तपासून त्या मार्गाने अर्ज करावा आणि राखीव जागेच्या अर्जात ‘इंडियन’ या शब्दाचा सोयीस्कर अर्थ लावण्याचा मोह टाळावा.

विज्ञान शाखेचेच शिक्षण हवे का?

जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र किंवा अभियांत्रिकी या शाखांना अर्थातच प्राधान्य असते. तरीही मूलनिवासी अभ्यास, कायदा किंवा शिक्षणशास्त्र शिकणाऱ्यांना अनेक कार्यक्रम घेतात, कारण समाजाशी संवाद, जुन्या जाणत्यांच्या मुलाखती आणि शालेय मुलांसाठीचे उपक्रम हीसुद्धा कामे असतात. सांख्यिकीचा एखादा पाठ झालेला असेल तर काम सोपे जाते.

कालावधी किती असतो?

कॅनडातील विद्यापीठांचे हिवाळी सत्र एप्रिलमध्ये संपते आणि नवे सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होते. इंटर्नशिप या दोहोंमध्ये बसवलेली असते. राष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन परिषदेच्या पदवी विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन पुरस्कारात पूर्ण वेळेचे १४ ते १६ आठवडे अपेक्षित असतात, आणि इतर कार्यक्रमही साधारण याच मापाचे असतात. सरोवरांवरील बर्फ वितळून नाव चालवता येण्याचा काळ आणि विद्यार्थ्यांची सुट्टी सोयीने जुळते. बर्फावर भोक पाडून घेतल्या जाणाऱ्या हिवाळी नोंदींचे काम कायम कर्मचाऱ्यांकडेच राहते.

मानधन मिळते का?

मिळाले पाहिजे, आणि बिनपगारी जागा असेल तर ती नाकारावी असे स्पष्ट मत येथे नोंदवावेसे वाटते. उन्हाळ्यातली कमाई हा तिथल्या असंख्य विद्यार्थ्यांसाठी पुढच्या वर्षाच्या घरभाड्याचा प्रश्न असतो; त्यामुळे बिनपगारी संशोधन ही सुस्थित घरच्या मुलांनाच परवडणारी गोष्ट ठरते. संस्थांनाही सबब सांगण्यास फारशी जागा नाही, कारण केंद्र सरकारच्या विद्यार्थी कार्यानुभव योजनेत मूलनिवासी विद्यार्थ्याच्या वेतनाचा ७० टक्क्यांपर्यंतचा, कमाल ७,००० डॉलरचा, भाग संस्थेला परत मिळण्याची तरतूद राहिली आहे. करासंबंधी एक बारीक मुद्दा असा की इंडियन अ‍ॅक्टखालील करमाफी मुख्यतः रिझर्व्हच्या, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखलेल्या जमिनीच्या, हद्दीत मिळवलेल्या उत्पन्नाला लागू होते. संशोधन केंद्र हद्दीबाहेर असल्यास पगारावर कर कापला जाईल हे गृहीत धरून हिशेब करावा.

प्रत्यक्ष दिवसभराचे काम कसे असते?

सकाळी साहित्याची तपासणी होते. बाटल्या, चिठ्ठ्या, जाळी, तापमान व विरघळलेला ऑक्सिजन मोजणारे यंत्र, जीवरक्षक जॅकेट आणि जेवणाचा डबा असा सगळा संसार नावेत भरायचा. सरोवर रस्त्याला लागून नसेल तर नाव खांद्यावर घेऊन जंगलातल्या पायवाटेने पुढच्या पाण्यापर्यंत न्यायची.

सरोवराच्या सर्वांत खोल जागी नाव थांबवून पहिल्यांदा सेकी तबकडी सोडतात. काळ्या-पांढऱ्या चतकोरांची ही थाळी दोरीने खाली सोडत जायचे आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून घ्यायची. उपकरण एकोणिसाव्या शतकातले आहे आणि अजूनही त्याला तोड नाही. मग दर मीटरला तापमान व ऑक्सिजन. उन्हाळ्यात अशा सरोवरात कोमट पाण्याचा थर वर तरंगतो आणि थंड पाणी खाली अडकते; लेक ट्राउटला थंडही हवे आणि ऑक्सिजनही हवा, त्यामुळे ऑगस्टमध्ये त्याला राहण्याजोगा पट्टा किती उरला आहे ते या दोन स्तंभांवरून वाचता येते. आकडे लिहिता लिहिता विद्यार्थ्याला ही गोष्ट आपोआप दिसू लागते, आणि वर्गात न समजलेला धडा तिथे समजतो.

त्यानंतर वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी घेऊन फॉस्फरस, नायट्रोजन आणि हरितद्रव्याच्या चाचण्यांसाठी ते बाटल्यांत भरायचे, बारीक जाळी तळापासून वर ओढून प्राणिप्लवक पकडायचे, आणि दुपारी प्रयोगशाळेत सगळे गाळून, गोठवून, नोंदवून ठेवायचे. पाऱ्याचा नमुना घेताना तर दोघांची जोडी लागते : एकाने फक्त बाटलीला हात लावायचा आणि दुसऱ्याने दोरी, नाव, पिशवी अशा बाकी सगळ्याला, कारण हाताला लागलेला कणभर पारासुद्धा मोजमाप बिघडवू शकतो. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या घरातील माणसाला ही शिस्त लगेच कळेल, फरक इतकाच की येथे तिचे कारण मोजून दाखवता येते.

माशांचे काम वसंतात आणि शरद ऋतूत अधिक असते. पिंजरा-जाळ्यात आलेला मासा मोजायचा, वजन करायचे, त्याच्या अंगातील छोट्या खुणेचा क्रमांक वाचायचा, पराचा किंचित तुकडा कापून घ्यायचा आणि त्याला परत सोडायचे.

मासे मारणे विद्यार्थ्याला मान्य नसेल तर?

तसे सुरुवातीलाच सांगावे. हा आक्षेप आता कोणी पोरकट मानत नाही. खाण्यासाठी नव्हे, केवळ मोजण्यासाठी प्राणी मारणे हे अनेक मूलनिवासी कुटुंबांत चुकीचे मानले जाते, आणि माशाच्या अंगावरील चिकट स्राव, पराचा तुकडा किंवा पाण्यात उतरलेला जनुकीय अंश यांवरून माहिती मिळवण्याच्या पद्धतींवर गेल्या काही वर्षांत जे काम झाले आहे त्यामागे अशा आक्षेपांचेही बळ आहे. काही तपासण्यांना, विशेषतः अंतर्गत अवयवांच्या, अजून पर्याय नाही. त्या दिवशी दुसरे काम मागता येते.

जे पाणी पवित्र मानले जाते त्यात मुद्दाम प्रदूषक सोडण्याच्या प्रयोगात सहभागी व्हावे का?

हा या पानावरील सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि त्याला एक उत्तर नाही.

संशोधकांची बाजू अशी की लहान सरोवरात, मोजक्या प्रमाणात आणि सरकारी परवानगीने केलेल्या प्रयोगामुळे मोठ्या पाण्याचे नुकसान टळते. पाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. क्रमांक ६५८ च्या सरोवरात आणि त्याच्या पाणलोटात २००१ पासून सात वर्षे पाऱ्याचे ओळखता येण्याजोगे समस्थानिक (पाऱ्याचीच, पण अणूच्या वजनाने वेगळी रूपे) सोडले गेले. पुरवठा थांबवल्यावर माशांमधील त्या पाऱ्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा लवकर घटले, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे हवेतून पडणाऱ्या पाऱ्यावर नियंत्रण आणण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांना आधार मिळाला. हा निष्कर्ष मात्र ग्रासी नॅरोजला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तिथला पारा हवेतून आलेला नसून कारखान्यातून थेट नदीत गेला आहे आणि गाळात साठून राहिला आहे. ज्या समाजाने पाऱ्याचे परिणाम अंगावर झेलले, त्याला शेजारच्या सरोवरात पारा ओतण्याची कल्पना कशी वाटेल, हे समजायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही.

तिसऱ्या कराराच्या प्रदेशातील समाजांनी २०१९ मध्ये ‘निबी घोषणापत्र’ स्वीकारले. निबी म्हणजे पाणी. पाणी सजीव आहे, त्याच्याशी माणसाचे नाते कर्तव्याचे आहे आणि त्या नात्यात स्त्रियांचे स्थान विशेष आहे, ही भूमिका त्यात मांडलेली आहे. विद्यार्थ्याने प्रयोगाआधी हे वाचावे, आपल्या गावातील ज्येष्ठांशी बोलावे, आणि सहभागी व्हायचे की नाही ते स्वतः ठरवावे. चांगल्या केंद्रात एखाद्या विशिष्ट प्रयोगापासून दूर राहिल्याने इंटर्नशिप धोक्यात येत नाही. अनेक सरोवरे कोणताही हस्तक्षेप न करता केवळ तुलनेसाठी मोजली जातात आणि तिथे कामाची कमतरता नसते.

पारंपरिक ज्ञानाचा उपयोग करावाच लागतो का?

नाही. मूलनिवासी विद्यार्थी म्हणजे समाजाच्या ज्ञानाचा चालताबोलता कोश, असे गृहीत धरणारे मार्गदर्शक भेटतात आणि विद्यार्थ्यांना त्याचा त्रास होतो. टोरांटोत वाढलेल्या मुलीला मनोमिनची वाढ कशी ओळखायची हे ठाऊक असेलच असे नाही.

ज्यांना दोन्ही बाजू जोडायच्या आहेत त्यांच्यासाठी ‘एटुआप्टमुम्क’ ही मिग्मॉ समाजाकडून आलेली मांडणी उपयोगी आहे. ज्येष्ठ अल्बर्ट मार्शल यांनी ती २००४ च्या सुमारास विद्यापीठीय चर्चेत आणली. एका डोळ्याने मूलनिवासी ज्ञानाचे आणि दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाचे बळ पाहायचे आणि दोन्ही डोळे एकत्र वापरायचे, असा तिचा आशय आहे. व्यवहारात ती कशी उतरते ते रानतांदळावरून दिसते. पाण्याची पातळी अवेळी वाढली की मनोमिनचे कोवळे रोप उपटून जाते, हे कापणी करणारी कुटुंबे सांगतात आणि पातळीच्या नोंदींवरून ते पडताळता येते. शेजारच्या मिनेसोटा राज्याने १९७३ मध्ये रानतांदळाच्या पाण्यासाठी लिटरला १० मिलिग्रॅम सल्फेट ही मर्यादा ठरवली. सल्फेटचे गाळात सल्फाइड होते आणि ते मुळांना मारते, ही यंत्रणा बरीच नंतर स्पष्ट झाली. भात गेल्याचे आधी कापणीवाल्यांना कळते आणि कारण नंतर प्रयोगशाळेला, असा हा क्रम आहे.

गोळा केलेल्या माहितीवर मालकी कोणाची?

अर्जाइतकाच हा प्रश्नही गंभीरपणे घ्यावा. कॅनडातील फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये चार तत्त्वे मांडली : आपल्याबद्दलच्या माहितीवर मालकी, नियंत्रण, प्रवेश आणि ताबा आपला असावा. संशोधनातील नीतिनियमांच्या राष्ट्रीय धोरणात मूलनिवासी समाजांशी संबंधित संशोधनासाठी स्वतंत्र नववे प्रकरण आहे. तरीही प्रत्यक्षात असे होते की विद्यार्थी आपल्या आजीकडून मासेमारीच्या जागा विचारून घेतो, त्या नकाशावर येतात आणि नकाशा सर्वांसाठी खुला होतो. सरोवराचे तापमान खुले असण्यात हरकत नाही. मासे अंडी कुठे घालतात, औषधी वनस्पती कुठे उगवतात किंवा मृतांना पुरण्याच्या जागा कुठे आहेत ही माहिती वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल समाजाशी लेखी करार झाल्याशिवाय एकही मुलाखत ध्वनिमुद्रित करू नये.

राहण्याची व्यवस्था आणि सुरक्षितता कशी असते?

जंगलातील केंद्रावर साध्या खोल्या, सामायिक भोजनगृह आणि प्रयोगशाळा असते. मे-जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास यांचा उच्छाद असतो, गोचिडीची तपासणी रोज करावी लागते आणि अस्वलांमुळे अन्न उघड्यावर ठेवता येत नाही. पोहता न येणाऱ्यांनी हे लपवू नये; नावेत जॅकेट बंधनकारक असते आणि नाव उलटल्यास काय करायचे याचे प्रशिक्षण आरंभीच दिले जाते. घरात मृत्यू झाला किंवा गावात महत्त्वाचा विधी असला तर रजा मिळते का, हे आधी विचारून घ्यावे. लांबच्या समाजातून आलेल्या विद्यार्थ्याला अंत्यविधीसाठी आठवडाभर लागू शकतो आणि दोन दिवसांची रजा देणारा नियम त्याच्या कामाचा नसतो.

अर्जात काय लिहावे?

गुणपत्रक, एक-दोन शिफारसपत्रे आणि एक निवेदन इतके पुरते. ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ या वाक्याने सुरू होणारी निवेदने निवड समितीने शेकड्यांनी वाचलेली असतात. त्याऐवजी एखादे ठरावीक पाणी आणि त्याबद्दलचा ठरावीक प्रश्न लिहावा : आमच्या खाडीत व्हाइटफिश कमी का झाला, नवा रस्ता झाल्यापासून ओढ्याचा रंग का बदलला, उकळून पिण्याची सूचना उठल्यावरही लोक नळाचे पाणी का पीत नाहीत. शिफारसपत्र प्राध्यापकाचेच हवे असे नाही. समाजाच्या जलशुद्धीकरण केंद्राचे चालक किंवा ज्येष्ठ व्यक्ती यांचे पत्र अनेक कार्यक्रम स्वीकारतात.

इंटर्नशिपनंतर पुढे काय?

काही जण पदव्युत्तर शिक्षणाकडे वळतात. केंद्र सरकार २०१७ पासून ज्यांना निधी देते त्या मूलनिवासी ‘गार्डियन्स’ उपक्रमांत, म्हणजे आपल्याच प्रदेशातील जमीन-पाण्याची देखरेख करणाऱ्या पथकांत, कामाच्या संधी आहेत. समाजाचे मत्स्यविभाग, करार-परिषदांची पर्यावरण कार्यालये आणि जलशुद्धीकरण केंद्रे यांनाही मोजमाप जाणणारी माणसे लागतात. संशोधक न होता परत गावी गेलेला विद्यार्थी वाया गेला, असे मानणारे अहवाल अजून लिहिले जातात, हे खेदाने नमूद करावे लागते.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

नेमके असे नाही. भारतीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती सर्वांसाठी आहे, अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पण पाणी, आदिवासी विद्यार्थी आणि उन्हाळ्याची पगारी नोकरी या तिन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसत नाहीत.

पाया मात्र आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात जलाशयांतील मासे व इतर उत्पन्नावरील सामूहिक हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि डिंभे धरणाच्या जलाशयात महादेव कोळी व कातकरी मच्छीमारांनी संघटित होऊन मासेमारी उभी केली आहे. भंडारा-गोंदियातील जुन्या मालगुजारी तलावांवर ढीवर समाजाला मरळ, शिंगी आणि पाणवनस्पती यांची जी बारीक माहिती आहे तिच्या आधारे तलाव सुधारण्याची कामे झाली आहेत. येथे कॅनडाचा साचा जसाच्या तसा बसणार नाही, कारण ढीवर समाज आपल्याकडे अनुसूचित जमातींच्या नव्हे तर भटक्या जमातींच्या यादीत येतो, आणि केवळ जमातीच्या दाखल्यावर जागा ठेवल्या तर तलाव सर्वांत जास्त ओळखणारी मुलेच बाहेर राहतील. पात्रता ठरवताना दाखल्याबरोबर पाण्याशी असलेला उपजीविकेचा संबंधही पाहावा लागेल.

जागा स्वीकारण्यापूर्वी विद्यार्थ्याने केंद्राला काय विचारावे?

यंदाच्या प्रयोगाचा प्रश्न कोणी ठरवला आणि त्या ठरवण्यात जवळच्या समाजांपैकी कोण बसले होते, नमुन्यांचे आकडे समाजाला कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळतात, शोधनिबंधात इंटर्नचे नाव कोणत्या कामाबद्दल येते, केंद्रावर आणखी एक तरी मूलनिवासी सहकारी आहे का, आणि मुदतीच्या शेवटी स्वतःच्या गावात जाऊन निष्कर्ष सांगण्यासाठी लागणारा प्रवासखर्च व पगारी दिवस करारात धरले आहेत का. शेवटच्या मुद्द्यावर ‘बघू’ असे उत्तर आले तर तो खर्च धरलेला नाही असे समजावे आणि सही करण्यापूर्वी करारात तशी ओळ घालून मागावी.